इंजिन ऑईल बदलण्याचा हिशेब केवळ किलोमीटरचा नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सर्व्हिसिंग होऊन गाडी गॅरेजबाहेर पडते तेव्हा काचेच्या कोपऱ्यात किंवा दाराच्या चौकटीवर एक छोटा कागद चिकटवलेला असतो आणि पुढचे ऑईल किती किलोमीटरला बदलायचे, तो आकडा त्यावर लिहिलेला असतो. नाशिकमधल्या बऱ्याच गॅरेजांत हा आकडा आजच्या किलोमीटरमध्ये सरसकट पाच हजार मिळवून काढला जातो. गाडी कोणती आहे आणि ती कुठे, कशी चालते, याची चौकशी होत नाही. दुसरीकडे, ‘कंपनीने दहा हजार सांगितले आहेत’ एवढेच धरून ठेवून दोन-दोन वर्षे बॉनेट न उघडणारे मालकही आपल्या शहरात कमी नाहीत. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या देखभालीचे काम मी अनेक वर्षे केले असल्यामुळे वंगण हा माझ्या रोजच्या कामाचा विषय होता, आणि म्हणूनच या दोन्ही सवयींबद्दल सविस्तर लिहावेसे वाटते.

गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत देखभालीचा तक्ता असतो. आपल्याकडच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांसाठी त्यात १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते, असे लिहिलेले असते. काही कंपन्या १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष अशी मर्यादा देतात. या वाक्याचा पूर्वार्ध सर्वांना पाठ असतो आणि उत्तरार्ध कोणी लक्षात ठेवत नाही. त्याच तक्त्याखाली, बहुधा बारीक अक्षरांत, खडतर वापरासाठीची वेगळी सूचना असते: सतत कमी अंतराच्या फेऱ्या, धुळीचे रस्ते, थांबत-थांबत चालणारी वाहतूक, इंजिन सुरू ठेवून बराच वेळ उभे राहणे किंवा घाटात ओझे वाहणे, यांपैकी काही लागू असेल तर ऑईल लवकर बदलावे. अनेक कंपन्या अशा वापरासाठी हे अंतर निम्म्यापर्यंत खाली आणतात. आपला वापर खडतर आहे असे कोणालाच वाटत नाही, हीच मोठी अडचण आहे, कारण शहरात रोज चार किलोमीटर जाऊन परत येणे हाही इंजिनाच्या दृष्टीने खडतर वापरच ठरतो.

तसे का, हे समजून घ्यायचे तर ऑईल काय काम करते ते पाहावे लागेल. पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगे एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये पातळ थर धरणे हे त्याचे पहिले काम. पण त्याबरोबरच ते उष्णता वाहून नेते, काजळी आणि चिकटा स्वतःत धरून ठेवते आणि आम्लांपासून धातूचे रक्षण करते. ही पुढची कामे मूळ तेलापेक्षा त्यात मिसळलेली रसायने अधिक करतात, आणि ती वापरात खर्ची पडत जातात. ऑईल काळे झाले म्हणजे ते संपले, असा सार्वत्रिक समज आहे. डिझेल गाडीचे ऑईल बदलल्यानंतर थोड्याच दिवसांत काळे होते, कारण काजळी धरून ठेवण्याचे काम ते चोख करत असते. उलट, दिसायला सोनेरी असलेल्या ऑईलमधील रसायने संपलेली असू शकतात. नुसत्या रंगावरून निर्णय देणाऱ्यावर, मग तो कितीही अनुभवी असो, मी तरी विश्वास ठेवणार नाही.

एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातले बहुतेक सायलेन्सरवाटे निघून जाते, पण थोडी वाफ आणि थोडे न जळलेले पेट्रोल रिंगांच्या बाजूने खाली, ऑईल साठते त्या चेंबरमध्ये उतरते. इंजिन पुरते तापले आणि तसे काही काळ चालत राहिले, तर हे पाणी आणि पेट्रोल पुन्हा वाफ होऊन बाहेर पडते. फेरी छोटी असेल तर ते होत नाही. डॅशबोर्डवरचा पाण्याचा काटा मध्यावर आला तरी चेंबरमधले तेल त्या वेळी कोमटच असते. आमच्या शेजारच्या निवृत्त दांपत्याची पेट्रोल गाडी मंडई, देऊळ आणि दवाखाना एवढ्यापुरतीच निघते. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या विनंतीवरून मी तिचे ऑईल भरण्याचे झाकण उघडले, तेव्हा झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट-पांढऱ्या सायीसारखा थर जमलेला होता. बोटाने पुसला तर तो चिकट, पाणचट लागला. तेल आणि पाणी घुसळून झालेले ते मिश्रण होते. (असा थर दिसला की कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, पातळी कमी होत नाही ना, हेही पाहावे लागते, कारण इंजिनाच्या वरच्या भागाचा सांधा बंद ठेवणारे हेड गॅस्केट गेल्यावरही असेच दिसते. येथे कूलंट जागच्या जागी होते.) गाडीचे किलोमीटर ऑईल बदलण्याइतके झाले नव्हते, म्हणून दोन वर्षे कोणी त्याकडे पाहिले नव्हते. मुले पुण्याला किंवा परदेशी आणि गाडी कव्हर घालून पार्किंगमध्ये, अशी घरे गंगापूर रोडपासून इंदिरानगरपर्यंत कितीतरी आहेत, आणि वर्षाची मर्यादा नेमकी अशाच गाड्यांसाठी घातलेली असते.

किलोमीटरच्या आकड्यातही एक फसगत दडलेली आहे. इंजिन किती वेळ चालले, हे तो आकडा सांगत नाही. शहरात सरासरी वेग ताशी वीस किलोमीटर धरला तर दहा हजार किलोमीटर पुरे व्हायला इंजिन ५०० तास चालते. महामार्गावर ताशी सत्तरच्या सरासरीने तेच अंतर सुमारे १४३ तासांत कापले जाते. म्हणजे दोन गाड्यांच्या मीटरवर सारखाच आकडा असताना एकीच्या ऑईलने दुसरीच्या साडेतीनपट काम केलेले असते. निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याला हे नव्याने सांगावे लागत नाही. ट्रॅक्टरवर तासांचे मीटर असते आणि ऑईल बदलण्याचा हिशेब तो त्याच मीटरवर, कित्येक ट्रॅक्टरांत २५० तासांनी, करतो. हाच शेतकरी कारच्या बाबतीत मात्र किलोमीटरवर विसंबतो, कारण कारमध्ये तासांचे मीटर समोर दिसत नाही. काही नव्या गाड्यांत इंजिनाचे तास, तापमान आणि फेऱ्यांची लांबी मोजून ऑईलची उरलेली आयुर्मर्यादा दाखवणारी सोय असते. ती असेल तेथे तिचे ऐकावे, मात्र वर्षाची मर्यादा तरीही पाळावी.

आता हे नाशिकला लावून पाहू. मुलांना कॉलेज रोडवरच्या शाळेत सोडणे, तेथून सीबीएस, आणि संध्याकाळी द्वारका चौकातल्या कोंडीतून परत, असा ज्या गाडीचा दिनक्रम आहे, तिचे ऑईल पाच-सहा हजार किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी बदलण्यात मला काहीही वावगे वाटत नाही. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीसाठी रस्ते खोदले जात असताना त्या धुळीतून रोज जाणाऱ्यांनी तर ऑईलइतकेच लक्ष एअर फिल्टरकडे द्यावे. फिल्टर फाटका किंवा नीट न बसलेला असेल तर आत जाणारी बारीक वाळू ऑईलमधून फिरत सिलिंडर आणि बेअरिंगे घासत राहते. याउलट, दर आठवड्याला मुंबईला जाऊन येणाऱ्याची गाडी, विशेषतः समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून, एका वेगात, पुरत्या तापलेल्या इंजिनावर चालते. तिच्या ऑईलला दहा हजार किलोमीटर मुळीच जड नाहीत, आणि पाच हजारांना ते काढून टाकणे म्हणजे अर्धे आयुष्य शिल्लक असलेले तेल फेकणे आहे. भाविकांना घेऊन वणीच्या गडावर वारंवार चढणारी भाड्याची गाडी मात्र किलोमीटर जास्त असूनही खडतर गटातच मोडते.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे मानक लागू झाल्यानंतरच्या डिझेल गाड्यांबद्दल स्वतंत्र सांगायला हवे, कारण त्यांत जुना अनुभव कामी येत नाही. यांतल्या बहुतेकींना काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर असतो आणि साठलेली काजळी जाळण्यासाठी इंजिन अधूनमधून जास्तीचे डिझेल सोडते. ही क्रिया चालू असतानाच गाडी बंद केली, आणि शहरातल्या छोट्या फेऱ्यांत असे वारंवार होते, तर त्यातले काही डिझेल ऑईलमध्ये उतरते. ऑईलची पातळी त्यामुळे वाढते. डिपस्टिकवर, म्हणजे ऑईलची पातळी पाहण्याच्या पट्टीवर, ऑईल वरच्या खुणेच्या पुढे गेलेले पाहून ‘आपली गाडी ऑईल पीत नाही’ असे समाधान मानणारे मालक मी पाहिले आहेत. प्रत्यक्षात ते ऑईल पातळ झालेले असते आणि किलोमीटर न मोजता लगेच बदलायचे असते. या गाड्यांना जळल्यावर कमी राख सोडणारे खास ऑईल लागते, अन्यथा तो महागडा फिल्टर अकाली तुंबतो. टर्बो असलेल्या पेट्रोल गाड्यांतही टर्बोच्या बेअरिंगपाशी ऑईल फार तापते, म्हणून तेथे मुदत ओलांडण्याचा मोह टाळावा.

ग्रेडविषयी गॅरेजांत एक ठाम मत ऐकू येते: नाशिकचा उन्हाळा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा जाड ऑईल घाला. हे मत चुकीचे आहे. डब्यावर लिहिलेल्या ५डब्ल्यू-३० सारख्या ग्रेडमधला पहिला आकडा थंडीतल्या प्रवाहीपणाचा आणि दुसरा १०० अंश सेल्सिअसला असणाऱ्या जाडीचा असतो. बाहेर बेचाळीस अंश असोत की निफाडला कडाक्याची थंडी असो, तापलेल्या इंजिनाचे तापमान थर्मोस्टॅट जवळपास एकाच ठिकाणी राखतो. ० डब्ल्यू-२० साठी बनवलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० घातले, तर अरुंद वाटांतून ते वेळेवर पोहोचत नाही, झडपांची वेळ बदलणारी यंत्रणा ऑईलच्या दाबावर चालत असल्याने तिच्या कामात बिघाड येतो, आणि इंधनही जास्त लागते. पुस्तिकेत जी ग्रेड आणि जो दर्जा (डब्यावर छापलेला, एपीआयसारखा) लिहिला आहे, तेच घ्यावे. पेट्रोल गाडीला एपीआय दर्जा त्याहून नवा चालतो, जुना चालत नाही. ऑईलबरोबर फिल्टर दर वेळी बदलावा.

मुदतीच्या वादात एक साधी गोष्ट मागे पडते. जुन्या ऑईलपेक्षा कमी ऑईल इंजिनाला जास्त घातक असते. महिन्यातून एकदा, सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून पुन्हा घालून पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. डॅशबोर्डवरचा लाल ऑईलचा दिवा पातळी कमी झाल्याची आगाऊ सूचना देत नाही, दाब गेल्याचे सांगतो, आणि तो पेटला की गाडी बाजूला घेऊन इंजिन त्याच क्षणी बंद करायचे असते. ‘घरापर्यंत जाऊ’ असे म्हणून पुढे नेलेल्या गाड्यांची इंजिने खोलावी लागतात.

गरज नसताना ऑईल बदलण्याचा तोटा केवळ मालकाच्या खिशाला होत नाही. साध्या कारमधून एका वेळी तीन-चार लिटर जळके ऑईल निघते. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा होऊन त्यावर पुनर्प्रक्रिया व्हावी याची जबाबदारी तेल उत्पादकांवरही आली आहे. तरीही ते सेंट्रिंगच्या पाट्यांना फासायला, लाकडाची वाळवी रोखायला सर्रास नेले जाते, आणि जमिनीवर सांडलेले पावसाच्या पाण्याबरोबर नासर्डी व गोदावरीत पोहोचते. ज्या गाडीला दहा हजार पुरेसे आहेत, तिचे ऑईल पाच हजारांना काढणे म्हणजे हा कचरा दुप्पट करणे होय.

म्हणून गॅरेजचालक आणि अधिकृत सर्व्हिस सेंटर, दोघांनाही आपल्या दैनिकाद्वारे माझी विनंती आहे की बिलावर नुसते ‘ऑईल’ असे न लिहिता ग्रेड, दर्जा, किती लिटर, फिल्टर बदलला की नाही, त्या दिवशीचे किलोमीटर आणि तारीख एवढे लिहावे. वॉरंटीच्या काळात वाद उद्भवला तर ग्राहकाच्या हाती हाच पुरावा असतो. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक पुस्तिका इंग्रजीत आहेत आणि खडतर वापराची सूचना त्यात शेवटच्या पानांवर असते. ते एक पान विक्रेत्यांनी गाडी ताब्यात देतानाच मराठीत छापून द्यावे, ग्राहक रोज किती अंतर आणि कोणत्या रस्त्याने गाडी चालवणार हे विचारावे, आणि त्यानुसार ठरलेली मुदत, किलोमीटर व महिने दोन्ही धरून, त्याच्यासमोर सर्व्हिस बुकात लिहावी.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक