मनू, टोकन द्यायच्या आधी हे वाच

प्रिय मनू,

काल ती बटणावर छत उघडणारी जुनी गाडी बघताना यार्डात मी गप्प उभा होतो ते तुला आवडलं नसणार, परत येताना तू दोनदा म्हणालीस बाबा बोला ना काहीतरी आणि मी नुसतं बघू म्हणालो. त्या विकणाऱ्या माणसासमोर मला बोलायचं नव्हतं. आपण खोट दाखवली की तो तिथल्या तिथे दहा हजार कमी करतो आणि मग आपण त्या दहा हजाराच्या आनंदात मूळ दुखणं विसरतो, हे मी नाना पेठेतल्या आपल्या हूड शिवायच्या दुकानात तीस वर्षं बघितलंय. आई झोपलीये, मी स्वयंपाकघरात बसून लिहितोय. मोठं होईल पण पूर्ण वाच.

तू म्हणालीस इंजिन एक नंबर आहे, टायर नवे आहेत, फक्त रूफ अडकतं. मला त्या "फक्त"बद्दल लिहायचंय.

तू डिकी बघत होतीस तेव्हा मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून ते बटण चार वेळा दाबलं. दाबलं की आधी दोन्ही काचा दोन बोटं खाली येतात, मग कुठेतरी टक् असा रिलेचा, म्हणजे करंट जोडणाऱ्या स्विचचा आवाज, मग मागून पंप घुंऽऽ करतो, हूडची, म्हणजे कापडी छताची, मागची कड चार बोटं वर उचलते आणि थांबते. पंप अजून तीन-चार सेकंद ओरडतो आणि बंद, डॅशवर लाल दिवा लुकलुकतो. चारही वेळा त्याच जागी. तो म्हणाला बॅटरी डाऊन आहे साहेब, दोन महिने गाडी उभी आहे. आता हे खोटंच असतं असं नाही, या पंपाला करंट भरपूर लागतो आणि व्होल्टेज कमी असलं तर छत चालत नाही हे खरं आहे, पण मी त्याला इंजिन चालू करायला लावलं ते त्यासाठीच. इंजिन चालू असलं की अल्टरनेटर 14 व्होल्टच्या आसपास देतो. तरीही छत तिथेच थांबलं. मग बॅटरीचं कारण मला पटत नाही.

रात्री भोसरीच्या काकांना फोन केला, तुला आठवत असतील, प्रेस मशीनच्या हायड्रॉलिकचं, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या भागांचं मेंटेनन्स करायचे ते, हे छतही तसंच चालतं. त्यांनी सांगितलं की बटण दाबल्यावर पंपाचा आवाजच आला नाही तर फ्यूज, रिले नाहीतर मोटर गेली, आवाज येतो पण काहीच हलत नाही तर तेल कमी झालंय किंवा आतल्या आत प्रेशर पडतंय, आणि दर वेळी नेमकं त्याच जागी थांबत असेल तर बहुतेक सेन्सर. या छताचं काम एकामागून एक पायऱ्यांनी चालतं, काच खाली, पुढचं लॉक सुटलं, मागची कड उचलली, झाकण उघडलं, घडी पडली, झाकण बंद, आणि प्रत्येक पायरीला एक छोटा स्विच कंट्रोलरला कळवतो की झालं. एकाने कळवलं नाही की कंट्रोलर पुढे जात नाही, कारण गेला तर कापड नाहीतर पत्रा फाटेल. कधीकधी स्विच चांगला असतो पण बिजागरीजवळची वायर वर्षानुवर्षं वाकून आतून तुटलेली असते, वरून प्लॅस्टिक धडधाकट. फोर्डने 1957 ते 1959 स्कायलायनर म्हणून गाडी बनवली होती, पत्र्याचं अख्खं छत डिकीत जायचं, त्या एका छतासाठी 600 फुटांच्या वर वायर आणि 10 रिले होते. काका म्हणाले गाडी कोणतीही घे, छतापेक्षा वायरिंग जास्त घेतेस हे लक्षात ठेव.

हे ऐकून तू म्हणशील की मग स्विचच आहे ना, हजार-दोन हजाराचं काम. तसं असतं तर मी रात्री लिहायला बसलो नसतो.

मी मागच्या घडीच्या खाचेत बोट घातलं होतं. हूड उघडल्यावर जिथे जाऊन बसतं तो खड्डा, त्याच्या दोन्ही कोपऱ्यांत खाली भोकं असतात, कापडावरून ओघळलेलं पाणी तिथून गाडीखाली जातं. डाव्या कोपऱ्यात बोट घातलं तर चहाच्या चोथ्यासारखा काळा गाळ वर आला, पानं कुजून झालेला. भोक पूर्ण बुजलेलं. मग मी डाव्या सीटच्या पायाखालचं कार्पेट दाबलं, ते ओलं होतं, बोटांना पाणी लागलं आणि वास आला, तोच कुबट, जो दुकानात ओली ताडपत्री घडी करून ठेवली की यायचा. दिवाळीपासून पुण्यात थेंब पडलेला नाही. म्हणजे यार्डात नुसती गाडी धुतली तेवढं पाणी आत उतरलंय. पावसात काय होईल विचार कर.

आणि काकांनी सांगितलं ते सगळ्यात महत्त्वाचं, अशा बऱ्याच गाड्यांमध्ये छताचा पंप आणि मोटर त्याच खड्ड्याच्या तळाला कोपऱ्यात बसवलेली असते. भोक बुजलं की पाणी साठतं आणि मोटर त्यात बुडते. एका दिवसात मरत नाही, आधी बेअरिंगला गंज चढतो, आवाज खरखरतो, मग एके दिवशी बंद. काल तो घुंऽऽ सरळ नव्हता, मधे खरखर होती. मी डोळे मिटून ऐकत होतो. त्यामुळे मला वाटतं या गाडीत स्विच, पाणी, पंप, कार्पेट ही चार वेगळी कामं नाहीत, एकाच दुखण्याची चार तोंडं आहेत, आणि विकणारा तुला त्यातलं सगळ्यात स्वस्त तोंड दाखवतोय.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. 1998 च्या मे महिन्यात एक जण जीप घेऊन दुकानात आला, म्हणाला फक्त हूड बदला, कापड सडलंय. मी मापं घेतली, चांगलं जाड कापड लावलं, डबल टाका मारला, कडेला गोठ, सगळ्या शिलाईवरून आतून सोल्युशन. बसवताना मला दिसलं होतं की मागची कमान एका बाजूने अर्धा इंच बसलीये. मी ते बोललो नाही. कापडाचे पैसे मिळत होते, फ्रेमचं काम आपलं नाही असं मनाला सांगितलं. पहिल्या मोठ्या पावसात त्या बसक्या कमानीत पाणी साठून तळं झालं, वजनाने शिलाई उसवली आणि ते पाणी मागे बसलेल्या त्याच्या बायकोच्या आणि मांडीवरच्या बाळाच्या अंगावर. तो माणूस ओरडला नाही. नुसता दुकानासमोर ओल्या शर्टात उभा राहून म्हणाला, तुम्हाला दिसलं असेल ना. मी सगळे पैसे परत दिले आणि कमान सरळ करून परत शिवून दिलं, पण ते वाक्य अजून जात नाही. तेव्हापासून कुणी "फक्त हूड" म्हणालं की मी आधी फ्रेम बघायचो. म्हणून काल मला दिसलं ते तुला न सांगणं मला जमणार नाही, तुझा मूड गेला तरी.

आणि तुला ही गाडी का हवीये ते मला माहितीये. तू सहा-सात वर्षांची होतीस, रेक्झिनच्या गुंडाळ्यांवर झोपायचीस दुपारची. एका रविवारी गिऱ्हाइकाची जीप फ्रेम तपासायला म्हणून बिनहुडाची सिंहगडाकडे नेली होती, तुला पुढे बसवलं होतं. खडकवासल्याला धरणाच्या भिंतीशी वारा लागला आणि तू सीटवर उभी राहून दांडा धरलास, वेण्या सुटल्या होत्या, आणि ओरडलीस बाबा याला छप्पर लावू नका. मी तुझा फ्रॉक मागून मुठीत धरून ठेवला होता सगळा रस्ता. काल त्या गाडीत बसल्यावर तू वर बघितलंस ना, तेव्हा मला तेच तोंड दिसलं. त्यामुळे घेऊ नको असं मी म्हणत नाहीये. तुझे पैसे आहेत, तू कमावलेस, आणि हिंजवडीला आठ वर्षं खपल्यावर माणसाला आपल्या मनासारखी एक गोष्ट हवी.

आता कापडाचं बोलतो, ते माझं काम आहे. या हुडाचं कापड तीन थरांचं असतं, वर विणलेलं कापड, मधे रबर, खाली अस्तर. पाणी अडवतं ते मधलं रबर. घडी रोज एकाच रेषेवर पडते म्हणून रबर तिथेच चिरतं, वरून काहीच दिसत नाही. मी दोन्ही बाजूंच्या घडीवर कापड चिमटीत धरून बघितलं, उजवीकडचं मऊ आहे, डावीकडे चिमटीत कडक लागतं आणि बारीक करकर आवाज येतो. ते या पावसाळ्यात नाहीतर पुढच्या पावसाळ्यात गळणार. मागची काच खरी काच आहे हे चांगलं, प्लॅस्टिकची असती तर पिवळी पडून घडीत तडकली असती. दाराच्या वरचे रबर दिल्लीच्या उन्हाने वाळलेत, नखाने दाबलं तर खूण तशीच राहते. आणि पुढच्या काचेच्या वर, आरशाजवळ अस्तरावर डाग आहे का ते मी अंधारात नीट बघू शकलो नाही, काही गाड्यांत लॉकचा सिलेंडर तिथे असतो आणि सील गेलं की तेल डोक्यावर टपकतं.

तेलावरून आठवलं, आधी कुठल्या गॅरेजवाल्याने छताच्या टाकीत ब्रेक ऑइल ओतलं असेल तर संपलं, त्याने त्या सिस्टिमचे सील फुगतात आणि मग एक-एक करत सगळे सिलेंडर गळायला लागतात. टाकी उघडून तेलाचा रंग आणि वास काका बघतील, त्यांना कळतं.

मी आज दोन ठिकाणी फोन करून विचारलं. एकाने नवीन पंप बाहेरून मागवून बसवायचे दीड लाख सांगितले आणि दीड महिना थांबावं लागेल म्हणाला, दुसरा म्हणाला गाडी आणा, उघडल्याशिवाय आकडा सांगत नाही. मला दुसरा जास्त बरा वाटला. नवीन कापड बसवायचं म्हटलं तर ते वेगळं. आणि तुझ्या इन्शुरन्समधून यातलं काही मिळणार नाही, मशीन आपोआप बिघडणं आणि झिजणं साध्या पॉलिसीत धरत नाहीत.

अजून एक शंका आहे आणि ती मला झोपू देत नाहीये. गाडी दिल्ली पासिंगची आहे पण तो म्हणाला दोन वर्षं पुण्यातच चालत होती. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा सिंहगड रोडच्या एकता नगरीत पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात कशा उभ्या होत्या ते आपण बघून आलो होतो, तुझ्या मावशीला आणायला गेलो तेव्हा. त्या गाड्या नंतर कुठे गेल्या? कार्पेट ओलं आहे ते छतामुळे असेल अशी माझी आशा आहे, पण सीट बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून बघ, आतल्या टोकाला चिखलाची रेघ असते, ती कुणी धूत नाही. सीटखालचे रूळ आणि बोल्ट गंजलेत का बघ. जुन्या पॉलिसीचा कागद माग, त्यावर एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, शून्य असेल तर विचार की क्लेम कशाचा झाला. पाण्यातली गाडी निघाली तर मनू, तिथून सरळ उठून यायचं, मग किंमत कितीही उतरू दे.

कागद तुला माझ्यापेक्षा जास्त कळतात, दिल्ली आरटीओची एनओसी हातात आल्याशिवाय आणि लोन असेल तर ते फिटल्याचा बँकेचा फॉर्म 35 बघितल्याशिवाय पैसे नाहीत, आणि इथला रोड टॅक्स परत भरावा लागेल तो किमतीत धर.

आता किमतीचं माझं गणित असं आहे. तो साडेअकरा मागतोय. तू असं धर की हे छत आता आहे तसं, बंद अवस्थेत, कायमचं अडकलेलं आहे आणि कधीच उघडणार नाही. अशी दोन सीटची, डिकी छोटी, वाकडला उघड्यावर लावायची गाडी तू कितीला घेशील? तो आकडा तू स्वतः कागदावर लिही, मला दाखवू पण नको. त्याच्यावर एक रुपया द्यायचा नाही. छत दुरुस्त झालं तर ते आपल्या पैशाने आणि आपल्या मेहनतीने झालेलं असेल, त्याला त्याचे पैसे आपण का द्यायचे.

आणि सोसायटीत शेडखालची जागा मिळतेय का ते आधी विचार. तुमच्या गेटजवळच्या त्या झाडाखाली लावलीस तर भोकं दर पंधरा दिवसांनी बुजतील, वर मांजरी हुडावर झोपायला येतात, नखं लावतात, ते तर रिक्षावाल्यांचं रोजचं रडगाणं होतं माझ्याकडे. कापड ओलं असताना घडी घालायची नाही, आणि वॉशिंगवाल्याला प्रेशरचा पाइप वर मारू द्यायचा नाही. हे तुला पाठ करावं लागेल.

एक त्याला नक्की करून दाखवायला सांग, छत अर्धवट उघडून बंद पडलं तर हाताने कसं लावायचं. पुस्तकात दिलेलं असतं, कुठे व्हॉल्व्ह सैल करायचा असतो, कुठे ॲलन की लागते. त्याला येत नसेल तर आपण पुस्तक मागून काकांकडून करून घेऊ, पण घ्यायच्या आधी. जूनमध्ये चांदणी चौकात अचानक सर आली आणि छत आकाशाकडे तोंड करून थांबलं आणि तू एकटी, हे चित्र माझ्या डोळ्यासमोरून हलत नाही.

शनिवारी सकाळी दहाला मी काकांना घेऊन बाणेरला यार्डात येतो, त्याला आजच कळवून ठेव की कार्पेट उचलून बघणार आहोत आणि छत पाच वेळा चालवून बघणार आहोत, नाही म्हणाला तर आपल्याला उत्तर मिळालं. मी जुनी सायकलची तार आणतो, भोकं मोकळी करून वरून बादलीभर पाणी ओतू आणि गाडीखाली कुठे पडतं ते बघू. तू चांगला टॉर्च आण, मोबाइलचा नको, आणि जुने कपडे घालून ये, तुलाच खाली वाकून बघायचंय, माझे गुडघे आता तेवढे वाकत नाहीत. तोपर्यंत टोकन देऊ नकोस, त्याने दुसरं गिऱ्हाईक उभं आहे सांगितलं तरी.

डबा वेळेवर खा.

बाबा