घरी सांभाळणाऱ्याला शिकवा, आणि दोनदा शिकवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

रुग्णालयांतील उपचार, तेथील गर्दी आणि डॉक्टरांची वागणूक यांविषयी आपल्या पत्रांच्या सदरात नेहमी लिहिले जाते. रुग्ण घरी आल्यानंतर त्याला सांभाळणाऱ्या नवऱ्याला किंवा बायकोला काय काय करावे लागते, याविषयी मात्र फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. माझ्या पत्नीला १४ महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघाताचा झटका आला. शरीराची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी तिच्यासाठी जे केले, त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. त्यांच्यामुळेच ती आज माझ्यासमोर बसलेली आहे. मला सांगायचे आहे ते तिला घरी सोडले त्या दिवसाबद्दल.

त्या दिवशी दुपारी माझ्या हाती एक फाइल, औषधांची पिशवी आणि पुढच्या तपासणीची तारीख देण्यात आली. कोणती गोळी सकाळी, कोणती रात्री, कोणती जेवणाआधी, हे परिचारिकेने दोनदा समजावून सांगितले. बाकी सगळे मिळून तीन वाक्ये होती : कूस बदलत राहा, पातळ देऊ नका, व्यायाम करून घ्या. मी मान डोलावली. तीन आठवडे तिच्या खाटेजवळच्या खुर्चीत रात्री काढल्यानंतर घरी जायला मिळते आहे, एवढेच तेव्हा मला कळत होते, आणि कोणी आणखी दहा सूचना दिल्या असत्या तरी त्यांनाही मी तितक्याच तत्परतेने हो म्हटले असते.

"पातळ देऊ नका" याचा अर्थ मी पातळ जेवण देऊ नका असा घेतला. पाणी त्यात येते, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. पत्नी डाव्या हाताने पेल्याकडे बोट दाखवी आणि मी तिची मान उशीवर जराशी उचलून पाणी पाजत असे. तिला ठसका लागे, मी पाठ चोळी आणि पुन्हा पाजी. आठव्या दिवशी ताप भरला. छातीत न्यूमोनिया झाल्याचे निदान होऊन तिला पुन्हा सहा दिवस दाखल करावे लागले. तेव्हा कोठे एका तरुण डॉक्टरांनी मला शांतपणे समजावले की, पक्षाघातात गिळण्याचे स्नायूही दुबळे होतात, पाण्यासारखा पातळ द्रव घशातून वेगाने उतरतो आणि श्वासनलिका वेळेवर बंद झाली नाही तर तो फुप्फुसात जातो. काही रुग्णांना तर ठसकाही लागत नाही, त्यामुळे सगळे नीट चालले आहे असेच घरच्यांना वाटत राहते. रुग्णाला ताठ बसवायचे, द्रव दाट करून लहान चमच्याने द्यायचा, एक घोट गिळला गेल्याची खात्री झाल्यावरच दुसरा द्यायचा, लुळ्या बाजूच्या गालात घास साठून राहिला नाही ना ते पाहायचे आणि जेवणानंतर निदान अर्धा तास आडवे होऊ द्यायचे नाही. हे सगळे त्यांनी १० मिनिटांत माझ्याकडून करवून घेतले. ती १० मिनिटे दोन आठवडे आधी मिळाली असती तर, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

दुसरी चूक हाताची. पलंगावरून खुर्चीत बसवताना मी तिचा उजवा हात धरून तिला ओढत असे, कारण तो हात तिला आधार म्हणून वापरता येत नव्हता आणि मला तो पकडायला सोपा होता. घरी येऊ लागलेल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी पहिल्याच दिवशी मला थांबवले. "काका, या हाताला ओढायचं नाही," असे म्हणून त्यांनी माझे बोट तिच्या खांद्यावर टेकवले. दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाशी, जेथे काही लागायला नको, तेथे बोटभर खोलगट जागा लागत होती. लुळ्या पडलेल्या स्नायूंना खांद्याचा सांधा धरून ठेवता येत नाही. हात ओढला की तो आणखी निसटतो आणि मग पुढे महिनोन्‌महिने दुखत राहतो. त्यांनी खुर्ची तिच्या धडधाकट डाव्या बाजूला आणून ठेवली, माझे हात तिच्या कमरेमागे ठेवायला लावले आणि तिला पुढे झुकायला सांगितले. ती जवळजवळ स्वतःच्या बळावर उठली. कपड्यांचेही तसेच : घालताना आजारी हात आधी बाहीत आणि काढताना तो शेवटी. इतकी साधी गोष्ट, पण ती माहीत नसल्यामुळे आम्ही दोघे रोज सकाळी घामाघूम होत होतो आणि तिच्या डोळ्यांत पाणी येत होते.

कूस दर दोन तासांनी बदलायची, हे मी रात्रीसुद्धा गजर लावून करीत होतो. कशासाठी करतो आहोत आणि काय पाहायचे, ते मात्र मला ठाऊक नव्हते. माकडहाड, टाचा आणि कमरेची बाजू येथील त्वचा रोज उजेडात पाहायची. लालसर डाग दिसला तर त्यावर बोट दाबायचे, आणि दाबल्यावरही तो फिकट झाला नाही तर शय्याव्रणाची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली असे समजायचे. हे मला एका शेजारणीने शिकवले, जिने स्वतःच्या पतीची अशीच सेवा केली होती. आजवर या बाबतीत जे ज्ञान माझ्यापर्यंत आले, त्यातले निम्मे असे शेजारपाजारच्या, दमलेल्या माणसांकडून आलेले आहे.

आता थोडे बोलण्याविषयी, कारण यात माझ्याकडून जे झाले ते मला सर्वांत जास्त लागले आहे. माझ्या पत्नीला वाचाघात आहे. तिला समोरच्याचे बरेचसे कळते, पण हवा तो शब्द सापडत नाही आणि कधी कधी "हो" म्हणायचे असताना तोंडून "नाही" निघते. भेटायला येणारी माणसे तिच्या तब्येतीची चौकशी माझ्याकडे करीत आणि मीही तिच्या वतीने उत्तरे देत असे : ती दमली आहे, तिला झोप येते आहे, तिला आता बसवत नाही. एके दिवशी असेच चालले असताना तिने डाव्या हाताची मूठ पलंगावर आपटली आणि स्पष्ट म्हणाली, "थांबा." झटक्यानंतर दोन महिन्यांनी तिच्या तोंडून आलेला तो पहिला नीट शब्द होता. त्यानंतर वाचा-उपचारतज्ज्ञांनी मला प्रश्न विचारायला शिकवले : एका वेळी एकच प्रश्न, हो-नाही उत्तराचा, आणि उत्तरासाठी मनात हळूहळू दहापर्यंत मोजत थांबायचे. ते दहा अंक मोजणे मला फार जड गेले. ३८ वर्षांच्या संसारात तिचे वाक्य मी कितीदा अर्ध्यावर तोडले असेल, हेही त्या मोजण्यात माझ्या लक्षात आले.

पक्षाघातानंतर सुमारे एकतृतीयांश रुग्णांना नैराश्य येते. तिलाही आले. मीही त्याच वाटेवर होतो, पण माझ्याकडे कोणाचे लक्ष नव्हते आणि माझेही नव्हते. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या पाच महिने बंद होत्या, कारण औषधांच्या दुकानात तिची चिठ्ठी नेताना माझी चिठ्ठी घरीच राहत असे. अमेरिकेत आजारी जोडीदाराला सांभाळणाऱ्या वृद्ध पतीपत्नींचा चार वर्षे मागोवा घेऊन केलेला एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना या कामाचा ताण जाणवत होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका असे काम नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक आढळला. जे सांभाळत होते पण ज्यांना तसा ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात तो धोका वाढलेला दिसला नाही. मला यात आशा दिसते. सेवा करणे धोक्याचे नाही, न शिकता, एकट्याने आणि विश्रांतीविना करणे धोक्याचे आहे, असा मी त्याचा अर्थ घेतो.

शिकवल्याने खरोखर फरक पडतो का, असे कोणी विचारील. २००४ साली ब्रिटनमध्ये ३०० पक्षाघात रुग्णांवर झालेल्या चाचणीत, ज्यांच्या घरच्या माणसांना रुग्णालयातच उचलणे, भरवणे, स्वच्छता अशा कामांचे प्रत्यक्ष शिक्षण दिले होते, त्या माणसांवरचा भार, चिंता आणि नैराश्य कमी झाल्याचे दिसले, आणि रुग्णही अधिक प्रसन्न राहिले. २०१३ साली तेथेच रुग्णालयांतील ३६ पक्षाघात विभागांत ९२८ रुग्ण व त्यांच्या घरच्यांवर झालेल्या मोठ्या चाचणीत मात्र असा फरक आढळला नाही. तो निष्कर्ष वाचून मी प्रथम खट्टू झालो. पण झटक्यानंतरचा अगदी लगेचचा काळ अशा शिक्षणासाठी कदाचित योग्य नसावा, असे त्याच संशोधकांनी म्हटले आहे, आणि ते मला माझ्या अनुभवावरून पूर्ण पटते. डिस्चार्जच्या दुपारी मान डोलावणारा मी काहीही शिकण्याच्या अवस्थेत नव्हतो. माझे खरे प्रश्न घरी आल्यावर, काही दिवसांनी तयार झाले, आणि तेव्हा ते विचारायला समोर कोणी नव्हते.

म्हणून माझी मागणी दोनदा शिकवण्याची आहे. पहिल्यांदा रुग्णालयात, घरी सोडण्याच्या चार दिवस आधीपासून : नुसते सांगून सोडू नये, एकदा तरी घरच्या माणसाकडून सगळे करवून घ्यावे, म्हणजे त्याने भरवावे, उठवावे, कूस बदलावी आणि परिचारिकेने बाजूला उभे राहून पाहावे. दुसऱ्यांदा घरी गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत, कोणी येऊन किंवा ते शक्य नसेल तर निदान फोन करून. पक्षाघातातील सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते. त्यातले दोन आठवडे चुका करण्यात आणि सहा दिवस त्या चुका निस्तरण्यात जाऊ नयेत, एवढ्यासाठी हा फोन. त्या फोनवर रुग्णाची चौकशी झाल्यानंतर, "आणि तुम्ही झोपता का? तुमची औषधे घेता का?" हे दोन प्रश्न सांभाळणाऱ्यालाही विचारले जावेत.

याला मोठी यंत्रणा लागणार नाही. डिस्चार्जच्या कागदावर औषधांच्या रकान्याखाली आणखी काही ओळी छापाव्यात : घरी सांभाळणाऱ्या व्यक्तीचे नाव, तिला काय शिकवले, तिने ते स्वतः करून दाखवले का, आणि तिला फोन करण्याची तारीख. माझ्या पत्नीच्या कागदावर माझे नाव फक्त बिलाखालच्या सहीत होते.

आपला नम्र,
एक वाचक