दे ला गार्दी घराण्याच्या स्त्रिया कुठे गेल्या?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युरोपातील सरदार घराण्यांवरच्या आपल्या पुरवणीत स्वीडनच्या दे ला गार्दी घराण्याचा लेख वाचला. फ्रान्समधून आलेला भाडोत्री सैनिक पाँटुस, राजाच्या अनौरस मुलीशी झालेलं त्याचं लग्न, १५८५ मध्ये नार्व्हाच्या नदीत बुडून आलेला मृत्यू; १६१० मध्ये फौजेसह मॉस्कोत शिरलेला मुलगा याकोब; आणि राज्याचा चॅन्सलर होऊन पुढे जहागिरी गमावून बसलेला नातू माग्नुस गाब्रिएल. सगळं रंगतदार आहे. जांभळ्या चर्मपत्रावर चांदी-सोन्याच्या शाईने लिहिलेलं, प्राचीन गॉथिक भाषेतलं बायबल माग्नुसने विकत घेऊन १६६९ मध्ये उप्साला विद्यापीठाला दिलं, हे आवर्जून सांगितल्याबद्दल लेखकाचे आभारच मानते.

पण एवढ्या मोठ्या लेखात एव्हाचं नाव नसावं, याचं फार वाईट वाटलं. एव्हा ही याकोबची पणती, जन्म १७२४ चा. सोळाव्या वर्षी एकेब्लाद घराण्यात दिली. नवरा सरकारी कामात गुंतलेला, त्यामुळे जमिनींचा कारभार तिच्याकडे. बटाटा तेव्हा स्वीडनमध्ये येऊन बरीच वर्षं झाली होती, पण सर्वसामान्यांच्या ताटात तो रुळला नव्हता. एव्हाने त्यापासून पीठ आणि दारू काढण्याची रीत बसवली. दारूच्या भट्टीत जाणारं धान्य भाकरीसाठी वाचवण्याचा हा मार्ग होता. १७४८ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, स्वीडनच्या रॉयल अकादमी ऑफ सायन्सेसने तिला सदस्य करून घेतलं. तिथली ती पहिली स्त्री. तीनच वर्षांत, नियम पुरुषांसाठी आहेत म्हणून, तिला मानद सदस्य ठरवलं गेलं. तरीही सौंदर्यप्रसाधनांतल्या घातक द्रव्यांऐवजी बटाट्याचं पीठ वापरावं, हे तिने त्यानंतरच सुचवलं.

याच घराण्याची सून काटरीना शार्लोटा हिने देवी टोचून घेण्याचा प्रचार केला. दालार्ना प्रांतात चेटकिणी ठरवून छळलेल्या बायकांच्या बाजूनेही ती उभी राहिली. लढायांच्या मानाने हे किरकोळ वाटलं असेल, तर ते मला अजिबात पटत नाही.

या दोघींवर पुढच्या अंकात स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक, सांगली