पोहण्याच्या तलावांची आरोग्य खात्याकडे नोंदणी हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वार्षिक परीक्षा संपल्या की बेळगावात पोहण्याच्या शिबिरांची पत्रके घरोघरी येऊ लागतात. शहरातले तलाव मे अखेरपर्यंत भरलेले असतात. जांबोटी-चोर्ला रस्त्यावरच्या रिसॉर्टांतही आता तलाव आणि जाकुझी (बुडबुड्यांच्या गरम पाण्याची टाकी) आहेत. या पाण्याची तपासणी कोण करते आणि तिचा निकाल पालकांना कुठे वाचायला मिळतो, हे विचारण्यासाठी हे पत्र.

माझी नोकरी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत झाली. म्हणून नातवाला एका खासगी तलावावर सोडायला गेले, तेव्हा नजर आधी पाण्याकडे गेली. वास नाकाला झोंबत होता. शेजारी उभी असलेली एक आई समाधानाने म्हणाली, "औषध चांगलं घातलंय बघा." हा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. नीट राखलेल्या तलावाला असा उग्र वास येत नाही. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होते. वास त्याचाच, आणि डोळे चुरचुरतात तेही त्यामुळेच. जंतू मारायला मोकळा क्लोरीन पाण्यात उरला आहे की नाही, हे वासावरून कळत नाही. ते मोजावेच लागते.

मी व्यवस्थापकांना कालचे रीडिंग विचारले. त्यांनी ब्लीचिंग पावडरीचे पोते दाखवले, "रोज रात्री टाकतो की." रजिस्टर नव्हते. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते, कोणी मोजतच नव्हते. भिंतीवर परवान्याचा कागद होता, पाण्याच्या तपासणीचा एकही नव्हता. पुढे नातवाचा कान ठणकला, त्याच्या बॅचमधल्या आणखी काही मुलांचेही कान दुखू लागले. ते तलावामुळेच झाले असे मी म्हणत नाही. होय किंवा नाही म्हणायला तिथे एक आकडाही लिहिलेला नव्हता, माझी तक्रार ती आहे.

रात्री पावडर टाकली म्हणजे काम झाले, असे नसते. उघड्या तलावातला क्लोरीन एप्रिलच्या उन्हात काही तासांत उडून जातो, आणि दुपारच्या बॅचची मुले नेमकी त्याच पाण्यात उतरतात. शिवाय ब्लीचिंग पावडरीने पीएच वाढतो. पीएच साडेसातच्या आसपास असताना मोकळ्या क्लोरीनपैकी निम्मा खरा कामाचा असतो, 8 वर गेला की जेमतेम पाव. म्हणून मोकळा क्लोरीन लिटरला 1 ते 3 मिलिग्रॅम आणि पीएच 7.2 ते 7.8 ठेवायचा असतो. जाकुझीत तर निदान 3 मिलिग्रॅम हवा, कारण गरम पाण्यात क्लोरीन लवकर संपतो आणि बुडबुड्यांतून उडणारे तुषार श्वासातून फुप्फुसात जातात. 1999 साली नेदरलँड्समधल्या फुलांच्या एका प्रदर्शनात नुसत्या मांडून ठेवलेल्या जाकुझीतून लिजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जंतू पसरला आणि तीसहून अधिक माणसे दगावली. त्या पाण्यात कोणी उतरलेही नव्हते.

तलावाच्या पाण्यासाठी आयएस 3328 हे भारतीय मानक आहे. उणीव आहे ती दारात येऊन नमुना घेणाऱ्या माणसाची. आपल्याच राज्याने मार्च 2024 मध्ये गोबी मंचुरीचे नमुने तपासले, त्यांत घातक रंग सापडले आणि कृत्रिम रंगांवर बंदी आली. अन्न सुरक्षेच्या 2006 च्या कायद्याखाली रस्त्यावरच्या गाडीवाल्यालाही नोंदणी करावी लागते. मग जिथे लहान मुले रोज तासभर डुंबतात, नाकातोंडात पाणी घेतात, त्या जागेचे पाणी का तपासले जाऊ नये? शेजारच्या केरळात 2024 मध्ये अमिबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराने मुले गेली. तो अमिबा कोमट गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे शिरतो. क्लोरीन नीट राखला तर तो टिकत नाही.

माझी मागणी फार खर्चाची नाही. महापालिकेच्या आरोग्य विभागाने शहरातल्या, आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी तालुक्यांतल्या प्रत्येक सार्वजनिक तलावाची व जाकुझीची नोंद करावी. रिसॉर्टांची माहिती ग्रामपंचायतीच्या पीडीओंकडून (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडून) सहज मिळेल. जंतूंच्या तपासणीसाठी हंगामात दरमहा पाण्याचा नमुना घ्यावा. तलावचालकांनी प्रत्येक बॅचआधी डीपीडी गोळीने मोकळा क्लोरीन मोजावा. नळीतले पाणी गुलाबी होते, रंग तक्त्याशी जुळवायचा, दोन मिनिटांचे काम. आमच्या खात्यात वर्षानुवर्षे वापरलेल्या ओटी (ऑर्थोटोलिडिन) या रसायनाच्या पिवळ्या रंगावर इथे विसंबू नये, त्यात मोकळा आणि क्लोरामाइनमध्ये बांधला गेलेला क्लोरीन नीट वेगळा कळत नाही.

तो आकडा वेळेसह दारावरच्या फलकावर लिहावा, कन्नडमध्ये आणि मराठीतही. येळ्ळूर-अनगोळकडून नातवंडांना घेऊन येणारे आजी-आजोबा मराठीच वाचतात, आणि मूल पाण्यात सोडायचे की नाही हे त्या वेळी त्यांनाच ठरवायचे असते. फलक कोरा असेल तर त्या दिवशी बॅच घेऊ नये, एवढी अट परवान्यात घातली तरी पुष्कळ होईल. पुढची शिबिरे सुरू होण्याआधी हे व्हावे.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा कर्मचारी,
टिळकवाडी, बेळगाव