पॅकेजचे नाव छापले, आकडा राहिला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परभणी जिल्ह्यातील तालुक्याच्या एका महाविद्यालयात मी संगणकशास्त्र शिकवतो. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत प्रात्यक्षिकांसमोर ‘पायथन, नमपाय, पांडाज’ एवढेच छापलेले असते. पायथन ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा; नमपाय आणि पांडाज ही तिला आकडेमोडीसाठी जोडायची तयार साधने, म्हणजे पॅकेजे. कोणती आवृत्ती वापरायची, हे नसते. त्या एका आकड्यावाचून ग्रामीण प्रयोगशाळांचे किती दिवस वाया जातात, हे विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांच्या कानावर जावे, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे सेंटओएस ७ ही लिनक्स प्रणाली असलेले वीस संगणक आहेत. गेल्या वर्षी प्रकल्पाच्या विद्यार्थ्यांनी भारतीय हवामान विभागाची दैनंदिन पावसाची आकडेवारी घेतली. ती १९०१ पासूनची असून पाव अंशाच्या चौकटींत मांडलेली आहे, त्यामुळे आपल्या भागात पावसाने कधी आणि किती दिवस ओढ दिली, याचा अभ्यास तिच्यावर करता येतो. मात्र ती नेटसीडीएफ या आकडेवारी साठवण्याच्या खास स्वरूपात असल्याने ती वाचणारे पॅकेज हवे, त्याखाली एचडीएफ५ची लायब्ररी (इतर प्रोग्राम ज्याच्या आधारावर चालतात तो तयार संच) हवी, जोडीला नमपाय आणि पांडाज हवे, आणि या सगळ्यांच्या तळाशी प्रणालीची स्वतःची जीलिबसी ही मूळ लायब्ररी, अशी ही उतरंड असते. सेंटओएस ७ मध्ये जीलिबसीची २.१७ ही आवृत्ती आहे आणि विद्यार्थ्यांनी उतरवलेले नवे पॅकेज २.२८ मागत होते. काम तिथेच अडले.

बाहेरून बोलावलेल्या तंत्रज्ञाने नवी जीलिबसी आणून जुनीच्या जागी टाकली. त्यानंतर फाइलींची यादी दाखवणारी साधी आज्ञासुद्धा चालेना आणि तो संगणक पुन्हा सुरूच झाला नाही. प्रणालीतला जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम याच लायब्ररीवर उभा असतो. माणसे घरात असताना माळवदाखालचा खांब काढून दुसरा बसवावा, तसा हा प्रकार. दोष त्या तंत्रज्ञाला एकट्याला देता येणार नाही, कारण ‘सगळे नवे टाका’ असे आम्हीच त्याला सांगितले होते.

पुढे जे जमले ते प्रणालीला हात न लावता. मिनीफोर्ज हे मोफत साधन विद्यार्थ्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बसते आणि त्यासाठी ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही. त्यातून येणारा कॉन्डा प्रत्येक कामासाठी वेगळा कप्पा तयार करतो, त्यात पायथनपासून एचडीएफ५पर्यंत सगळे स्वतंत्रपणे आणतो, आणि संगणकावरची जीलिबसी कोणती आहे हे पाहून तिच्यावर न चालणाऱ्या आवृत्त्या आपणहून वगळतो. यात एक पथ्य आम्ही ठेचा खाऊन शिकलो. पॅकेजे एकेक करून टाकू नयेत. सगळी नावे एकाच आज्ञेत द्यावीत, म्हणजे सर्वांना चालेल असा मेळ एकदाच शोधला जातो. एकेक टाकत गेल्यास आज आलेला पाहुणा काल आलेल्याला बाहेर काढतो.

नमपायच्या बाबतीत नेमके हेच झाले. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आले आणि आधीच्या १.x आवृत्त्यांसाठी कंपाइल केलेली (संगणकाच्या भाषेत आधीच उतरवलेली) कित्येक पॅकेजे त्यावर चालेनाशी झाली. जुन्या पॅकेजांच्या मागणीपत्रात पुष्कळदा ‘नमपाय अमुक आवृत्ती किंवा त्यापुढचे’ एवढेच असते, वरची मर्यादा नसते. त्यामुळे आलेख काढण्याचे एखादे साधन टाकताना पायथनची पॅकेजे उतरवणाऱ्या पिप या साधनाने निमूटपणे नमपाय २ आणले आणि आदल्या दिवशी चालणारे पांडाज बंद पडले. ‘नमपाय २ पेक्षा कमी’ अशी एक अट लिहिल्यावर प्रश्न मिटला. ती अट आम्हाला सापडेपर्यंत तीन प्रात्यक्षिके बुडाली होती.

प्रत्येक अडचण अशी सुटते, असे मात्र नाही. टेन्सरफ्लो या मशीन लर्निंगच्या पॅकेजच्या तयार आवृत्त्यांना २०१८ मधील १.६ पासून प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स सूचना (एका वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या) लागतात, आणि स्वस्त पेन्टियम-सेलेरॉनमध्ये त्या पुढे अनेक वर्षे नव्हत्या; तिथे आवृत्त्यांची जुळवाजुळव फारशी कामाची नाही. शिवाय सेंटओएस ७ ला ३० जून २०२४ नंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. म्हणून हे संगणक आम्ही इंटरनेटपासून तोडले आहेत आणि परीक्षा अर्जांसारखी कामे त्यांवर करत नाही. एका संगणकावर जुळलेला कप्पा कॉन्डा-पॅकने गुंडाळून पेन ड्राइव्हवरून बाकीच्यांवर नेतो. नवी प्रणाली टाकणे किंवा नवे संगणक घेणे उत्तम, हे मलाही मान्य आहे; पण निविदा निघून ते येईपर्यंत वर्गातली मुले पदवी घेऊन बाहेर पडलेली असतात.

तेव्हा अभ्यास मंडळांनी प्रत्येक प्रात्यक्षिकासोबत आवृत्त्यांची पारखलेली यादी असलेली फाइल द्यावी, ती किमान एका जुन्या संगणकावर चालवून पाहावी, आणि लागणारी पॅकेजे इंटरनेटशिवाय टाकता येतील अशा संचात जिल्ह्याच्या ठिकाणी उपलब्ध ठेवावीत. वर्षातून एकदा, जून उजाडण्यापूर्वी, यादी तपासली तरी पुरे. आमची पावसाच्या प्रकल्पाची फाइल जशी आहे तशी मंडळाकडे पाठवण्यास मी तयार आहे.

आपला,
एक प्राध्यापक, जि. परभणी