सिएरा लिओनचं ठरलंय

प्रिय आई-बाबा,

फोनवर आईचा आवाज भरून येतो आणि माझं बोलायचं राहून जातं, म्हणून लिहितेय. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनला, बाळंतपणं करणाऱ्या नर्सना शिकवायला जायचं नक्की झालंय, होकारही कळवलाय. आधी विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला नसतात, पण तुमचे चेहरे बघून मीच विरघळले असते.

बाबा, "बाळंतपणं इथे होत नाहीत का?" हे तुमचं बरोबरच आहे. पण 2023 साली जगभरात सुमारे 2,60,000 बायका गरोदरपणात, बाळंतपणात गेल्या. त्यातल्या साधारण 70 टक्के सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतल्या. आई, मावशीचं तुला सांगायला नको. तीही बाळंतपणातल्या रक्तस्रावानेच गेली.

सिएरा लिओनमध्ये 2010 पासून गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना, पाच वर्षांखालच्या मुलांना सरकारी उपचार मोफत आहेत. पण ऑक्सिटोसिन, म्हणजे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आटोक्यात आणणारं इंजेक्शन, 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. फ्रीज बंद पडला की कपाटातलं इंजेक्शन असून नसल्यासारखं.

मी तिथल्या नर्सना शिकवणार ते अगदी साधं आहे. बाळ झालं की बाईखाली खुणा आखलेली प्लास्टिकची पिशवी लावायची. नुसत्या नजरेने रक्ताचा अंदाज बहुतेकदा कमीच निघतो, मीसुद्धा चुकते. 500 मिलीची रेघ गाठली की थांबायचं नाही: गर्भाशय चोळायचं, ऑक्सिटोसिन, रक्ताची गुठळी टिकवून धरणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, सलाइन, तपासणी, सगळं एकापाठोपाठ लगेच. केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णालयांत हे करून पाहिलं. 2023 मध्ये निकाल आले: अति रक्तस्राव, त्यापायी पोट उघडून करावी लागणारी शस्त्रक्रिया आणि त्याने होणारे मृत्यू, हे सगळं मिळून 60 टक्क्यांनी कमी. हे ऐकून घरी कशी बसू, सांगा.

राहायला पक्की खोली आहे, मच्छरदाणी आहे. मलेरियाच्या गोळ्या निघण्याआधीच सुरू करतेय. पाणी उकळूनच पिईन. जेवणाचं विचारू नकोस, आई, जेवेन गं.

लहानपणी ताप आला की बाबा मला पाठीवर घेऊन रात्रभर येरझाऱ्या घालायचे. अजूनही कणकण आली की तीच पाठ हवीशी वाटते.

आता ऐका. आई, "आज बरं वाटतंय" म्हणून बीपीची गोळी सोडायची नाही. बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन आता पुढे ढकलायचं नाही. दादा सोबत येणार आहे, त्याला बजावून ठेवलंय. तोवर रात्रीची गाडी बंद. रागवू नका, पण किल्ली मी त्याच्याकडेच दिलीय.

तुमची,
चिमी