ओजसच्या आईला

चि. सौ. स्नेहल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ओजसला ऑटिझम आहे हे कळल्यापासून तू खचलीस. काल फोनवर तू सारखं एकच विचारत होतीस, "आई, माझं कुठे चुकलं?" स्नेहल, तुझं काहीही चुकलेलं नाही. आईची माया कमी पडली की मूल असं होतं, असं एके काळी डॉक्टरच म्हणत. ते केव्हाच खोटं ठरलं. लसीमुळे ऑटिझम होतो, हेही तसंच खोटं. ज्या लेखामुळे ती भीती पसरली तो 1998 चा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला. तेव्हा ओजसची एकही लस चुकवू नकोस. तू नोकरी करत होतीस म्हणून असं झालं, असं कोणी म्हणालंच तर त्यांना माझ्याशी बोलायला सांग.

प्रसादरावांच्या मित्राने स्टेम सेलचा, म्हणजे मूळ पेशी टोचण्याचा, दवाखाना सुचवलाय आणि तुम्ही कर्जाचं बघताय, हे ऐकून मात्र माझी झोप उडाली. ऑटिझमसाठी हा उपचार करू नये, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेच 2022 मध्ये सांगितलं आहे. ओजसच्या मेंदूची घडण वेगळी आहे, ती इंजेक्शनने बदलत नाही. "शंभर टक्के बरा करतो" म्हणणाऱ्याच्या पायरीवरूनच परत फिर. तो पैसा स्पीच थेरपी आणि रोजच्या गोष्टी करायला शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपीसाठी राहू दे.

थेरपिस्ट निवडताना एक बघ. ती तुला आत बसू देते का? दार लावून पाऊण तास मुलाला घेऊन बसणारी आणि नंतर "छान केलं हं आज" एवढंच सांगणारी नको. पुढच्या तीन महिन्यांत काय साधायचं ते तिने लिहून द्यावं, आणि घरी काय करायचं ते तुला करून दाखवावं. हनुवटी धरून जबरदस्तीने डोळ्यांत बघायला लावत असतील, रडला तरी सोडत नसतील, तर जागा बदल.

दिवाळीत ओजस मनगट धरून मला फ्रिजपाशी न्यायचा आणि माझा हात दारावर ठेवायचा. ते त्याचं मागणंच आहे गं! तिथे पटकन दार उघडू नकोस. खाली बस, त्याच्या तोंडासमोर ये, "दही?" एवढंच म्हण आणि थांब. नजर, आवाज, बोट, काहीही आलं की लगेच दे. दह्याच्या वाटीचा फोटो काढून दारावर चिकटव. आयआयटी मुंबईत तयार झालेलं, चित्रांवर बोट ठेवून बोलायचं 'जेलो' नावाचं ॲप मराठीतही आहे, ते घे. चित्रं दिली की मूल बोलायचा आळस करतं, हा निव्वळ गैरसमज आहे.

आईलाच हे शिकवलं तर काय होतं, याचा अभ्यास गोव्यात 'संगथ' संस्थेत आणि तिकडे पाकिस्तानात रावळपिंडीत झाला, निकाल 2016 मध्ये छापून आले. मोठे तज्ज्ञ नव्हेत, प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते घरी जात, आई-मुलाच्या खेळाचा व्हिडिओ काढत आणि तो आईसोबत बसून बघत. मूल कुठे बघतंय, आईने कधी थांबायचं, हे त्यातून उमगायचं. ती मुलं आपणहून आईशी संवाद सुरू करायला लागली. मी पर्यवेक्षिका असताना अंगणवाडीत अशी मुलं पाहिली आहेत. सगळी बोलली असं मी म्हणणार नाही. पण घर ज्यांच्या कलाने शिकलं, त्यांना आपलं म्हणणं सांगता येऊ लागलं, आणि आदळआपटही कमी झाली.

कुकरच्या शिट्टीला तो कान झाकतो, तो हट्ट समजू नका. शिट्टीआधी त्याला आतल्या खोलीत ने. झाकणांची रांग लावत असेल तर मोडू नकोस. शेजारी बसून एक झाकण त्याच्या हातात दे.

कागदपत्रांचं प्रसादरावांनी बघावं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. त्यानंतर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा 'निरामय' आरोग्य विमा, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचाही खर्च बसतो. जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी आणि थेरपी मोफत असते, तिथेही नाव घाला. पण थेरपीला फक्त तूच जायचंस असं ठरवू नका. ओजस बाबांचाही आहे, आणि तुलाही आठवड्यातून एक दुपार तुझी स्वतःची हवी.

सोमवारच्या गाडीने मी येते, महिनाभर राहीन. थेरपीची वेळ सकाळची घे. मलाही आत बसून शिकायचंय.

तुझी,
आई